आत्याचा मेलेला कंडेन्सर

आमच्या आत्याला सगळी गल्ली ‘कंडेन्सरबाई’ म्हणते. तिच्या पाठीमागे हं! तोंडावर म्हणायची कोणाची टाप आहे? पंखे आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं ते दुकान खरं तर आतोबांचं. पण त्या माणसाला कामाचं वावडं. पंख्याखाली ताणून द्यायचे आणि गिऱ्हाईक आलं की ‘हिला विचारा’ म्हणून कूस बदलायचे. लोक विचारत गेले, आत्या शिकत गेली. आतोबा गेले तेही झोपेतच. ‘शेवटपर्यंत खोड मोडली नाही मेल्याची,’ आत्या चारचौघांत म्हणाली, आणि मग दुकानाचं शटर आतून ओढून हमसून हमसून रडली. हे मला शेजारच्या शिंप्याने सांगितलं.

लोक पंखा घेऊन आले की एकच रडगाणं गातात. ‘नुसता घुं घुं करतोय हो, फिरत नाही.’ आत्या मान वर न करता विचारते, ‘काठीने पातं ढकललं की फिरतो ना? मग मोटार ठीक आहे, कंडेन्सर गेलाय.’ पंख्याला सुरुवातीचा जोर देणारी ती छोटीशी डबी. ती मेली की धडधाकट मोटार जागच्या जागी कण्हत बसते. मेलेल्या कंडेन्सरवर आत्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देते, चुकून दुसऱ्याच्या पंख्यात जायला नको म्हणून. स्वतःच्या नखांना तिने जन्मात नेलपॉलिश लावलेलं नाही.

पंपाच्या कंडेन्सरची तऱ्हा वेगळी. तो मोठा असतो, मोटारीला दणका देतो आणि लगेच बाजूला होतो. ‘बाजूला नाही झाला तर फुटतो,’ असं आत्या गिऱ्हाइकांना बजावते. आणि ही बया स्वतः? एकदा कोणाला ढकललं की आयुष्यभर पाठ सोडत नाही! शिंप्याचं लग्न हिने जमवलं, इथवर ठीक. पण पुढे नवराबायकोची भांडणं लागली की दोघांच्याही वतीने हीच बोलायची. त्या दोघांना बिचाऱ्यांना ऐकत बसावं लागायचं.

मग माझी आई गेली, आणि बाबा खाटेवर आडवे झाले ते झालेच.

बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दुकानात जाऊन बहिणीशी भांडायचं, हा त्यांचा नेम. आई गेली आणि तोही सुटला. ताट समोर नेलं की दोन घास खायचे, न्हाणीपर्यंत जायचे, परत छताकडे बघत पडायचे. दाराशी आईच्या चपला तशाच होत्या. त्यांना हात लावायची माझीही हिंमत नव्हती. डॉक्टर तपासून म्हणाले, ‘आजार काही नाही. पण हे असेच पडून राहिले तर पाय चालणं विसरतील. मग मला बोलावून उपयोग नाही.’ एक तर गेली होती, आता दुसराही डोळ्यांदेखत चालला होता.

आत्या आली, खाटेशी बसून बाबांना निरखत राहिली. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, ‘मोटार जळलेली नाही.’

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेलेले बघून ती टेबलावर चढली, पंख्याची वाटी खाली केली, चांगला कंडेन्सर काढून पिशवीत टाकला आणि मेलेला लावला.

‘अगं आत्या, भर उन्हाळा आहे!’

‘म्हणूनच,’ ती म्हणाली आणि टेबल पुसून चालती झाली.

झालं. दुपारी बाबांची हाक आली. ‘पंखा फिरत नाहीये.’

‘कंडेन्सर गेला असेल. काठीने ढकला.’

‘तू ढकल.’

‘मला काम आहे,’ मी म्हणाले आणि भिंतीआड जाऊन उभी राहिले. जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू! बाबा घामाने निथळत पडून राहिले, पण उठले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर काय, पंखा संथपणे फिरतोय! या गृहस्थांनी पडद्याचा दांडा काढून, पडल्या पडल्याच पातं ढकललं होतं.

‘आळशी मेला! आमच्या ह्यांच्याही वरताण निघाला,’ आत्या म्हणाली. तिने दांडा जप्त केला आणि त्याच्या जागी एक बुटकी काठी ठेवून गेली. आता उभं राहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाबा उठू लागले. आमच्याकडे वीज सारखी जायची, परत आली की पंखा पुन्हा घुं घुं. प्रत्येक वेळी बाबा उठायचे, पंख्याला, विजेला आणि मला शिव्या घालायचे. किती दिवसांनी शिव्या ऐकल्या! मला देवाचे आभार मानावेसे वाटले.

एका दुपारी मी आत्याच्या दुकानात होते. ती मोटारीला तार गुंडाळत होती. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. ‘ताई! ए ताई!’

बनियन आणि लेंगा, केस पिंजारलेले, घामाघूम बाबा दारात उभे! हातात कंडेन्सर, त्यावर लाल ठिपका. शिंपी शिलाई थांबवून बाहेर आला.

‘मेलेला कंडेन्सर लावलास माझ्या पंख्यात? सख्ख्या भावाच्या?’

‘लावला. मग?’

‘उकडून मेलो असतो मी!’

‘मेला नाहीस ना? पायांनी चालत आलास भांडायला.’

बाबांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. आम्हीही बघितलं. रागाच्या भरात दाराशी सापडल्या त्याच सरकवून ते आले होते. आईच्या चपला. टाचा मागे जमिनीवर आलेल्या.

आत्याच्या हातातली तार सुटून उलगडत खाली गेली आणि ती ढसाढसा रडू लागली. शटर न ओढता, भर रस्त्यावर, शिंप्यासमोर. ‘मलाही ती हवी होती रे,’ एवढंच म्हणत राहिली. बाबा तिच्याशेजारी फळीवर बसले.

निघताना आत्याने नवा कंडेन्सर काढला. ‘चल, लावून देते.’

‘काही नको. माझा मी लावीन.’

तिचा हात पक्कडीकडे गेला. मग तिने तो मुकाट्याने मांडीवर घेतला. आत्या बाजूला झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी बाबांनी स्वतः टेबलावर चढून कंडेन्सर लावला. बटण दाबलं, पंखा झोकात फिरला. उलटा! वायरींची अदलाबदल झाली होती. सगळा वारा छताला, आणि आमच्या डोक्यावर जळमटं.

‘थांबा बाबा, मी बघते,’ मी म्हणाले.

‘खबरदार हात लावलास तर. उद्या सकाळी तिलाच जाऊन विचारतो, असले कसले कंडेन्सर विकतेस म्हणून.’

मग त्यांनी आईच्या चपला ओल्या फडक्याने पुसल्या आणि कपाटात ठेवल्या. खाटेखाली वाकून, धूळ झटकत, स्वतःच्या बाहेर काढल्या आणि दाराशी, जायच्या दिशेने तोंड करून ठेवल्या.