दुपट्यांचा वास

नव्वदच्या दशकात मी कन्नड मुलखात, राजाजीनगरातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात कामगारांची कागदपत्रं सांभाळत असे. शिलाईला बहुतेक बायकाच होत्या, त्यामुळे कायद्यानं पाळणाघर सक्तीचं होतं. आम्ही एका खोलीत पाळणे टांगले होते, पण ती खोली फक्त तपासणीपुरती उघडायची.

एकदा सरकारी निरीक्षक म्हणून नवेच गृहस्थ आले. पन्नाशीचे, बारीक, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेले. चहा त्यांनी नको म्हटला. पाळणाघराच्या उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या, तेव्हा मला हसूच आलं. आत जाऊन ते पाळण्यातलं एकेक दुपटं नाकाशी धरू लागले.

"मुलं आज आली नाहीत," मी म्हणालो.

माझ्या कन्नडमधला मराठी हेल ओळखून ते कन्नड सोडून बेळगावकडच्या मराठीत म्हणाले, "लेकरांच्या खोलीला दुधाचा वास असतोय, अण्णा. हितं नुसता कापडाच्या रंगाचा येतोय."

आवाज जराही चढला नव्हता, तरी मला मान वर करवेना. नोटीस लिहून ते निघून गेले.

मालक माझ्यावर भडकले. "काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची होती!"

"यापुढे मी खोटं सांगणार नाही," मी म्हणालो. "आया नेमा."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग आया आली.

पहिल्या दिवशी एक मूल यंत्रांच्या आवाजातही ऐकू येईल असं रडत होतं. जेवणाची सुट्टी होताच त्याची आई धावत आली, त्याला पदराखाली घेऊन म्हणाली, "सर, स्वल्प बाहेर थांबता?"

मी बाहेर थांबलो. कायद्यातलं पाळणाघराचं कलम मला तोंडपाठ होतं, पण त्यातलं मूल मी तोवर पाहिलंच नव्हतं.