चिठ्ठीविना लाँड्री

माझ्या वहिनीच्या लाँड्रीत कपड्याला नंबराची चिठ्ठी कधीच लागली नाही. गिऱ्हाईक गठ्ठा टाकायचं, वहिनी एकदा कपड्यांकडे आणि एकदा तोंडाकडे बघायची, झालं! तेच तोंड पुन्हा दारात दिसलं की तिचा हात सरळ त्याच फळीवर.

साठी उलटली आणि घोटाळा झाला. वकिलांचा काळा कोट हॉटेलातला वेटर घेऊन गेला आणि वेटरचा वकिलांकडे आला. साहेबांनी भर कोर्टात पेनासाठी खिशात हात घातला, तर निघालं बाटलीचं ओपनर! सगळे हसले. वहिनी नाही हसली, कारण त्याच आठवड्यात आणखी दोन चुका झाल्या होत्या.

भाच्यानं फर्मान काढलं, "आई, आता चिठ्ठ्या लावायच्या आणि काउंटरवर मी बसणार. तू घरी आराम कर."

"आराम मेल्यावर करीन! तीन महिने दे मला. नंतर एका शनिवारी बघ. एक कपडा जरी चुकीच्या हाती गेला, तर तुझ्या चिठ्ठ्या आणि तुझा काउंटर."

वहिनी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सगळं तपासलं. आजार काही निघाला नाही. "दिवसभर स्टुलावर बसून गंजलात. हला जरा," म्हणाले.

जिमवाली आमचंच गिऱ्हाईक. तिनं सकाळी भरभर चालायला आणि खुर्चीवरून उठाबशा काढायला सांगितलं. वहिनीनं काय करावं? लाँड्रीवालीच ती! आठवडाभराचे कपडे साठवून एकदम धुऊन काढावेत, तसा आठवड्याचा सगळा व्यायाम तिनं सुट्टीच्या एका सकाळी उरकला. दुसऱ्या दिवशी जिना बसून उतरली!

जिमवाली कडाडली, "काकू, शरीर म्हणजे मळक्या चादरींचा ढीग नाही! आधी अंग गरम करायचं. रोज थोडं करायचं, ते जमलं की किंचित वाढवायचं. ताकदीच्या व्यायामानंतर मधे एक दिवस सोडायचा. ओल्या कपड्याला घडी घालता का तुम्ही? वाळू देता ना? स्नायूंनाही तसाच वेळ लागतो."

हे मात्र वहिनीला एका फटक्यात पटलं.

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकलेली, त्यामुळे मला गप्प बसवेना. "वहिनी, पाय चालले की मेंदूला रक्त जास्त मिळतं. झोप सुधारते. आठवणी साठवणारा भाग असतो ना, त्यालाही नेमाच्या व्यायामानं बळ येतं, असं संशोधक सांगतात. पण जादू नाही हं, धीर धर."

"धीर? आणि तुम्ही सांगता, वन्सं?"

खरंच आहे, धीर मला नाहीच. पण फरक दिसायला लागला, आणि मी नाचायचीच बाकी राहिले! वहिनीची दुपारची पेंग गेली. रात्री गाढ झोपायला लागली. चढावर धापा टाकणारी बाई चढावर माझ्याशी भांडायला लागली, तेही चालता चालता! स्टूल तर तिनं माळ्यावर टाकलं.

तीन महिने सरले आणि ठरलेला शनिवार उजाडला. संध्याकाळी दुकानात ही झुंबड! वहिनी फळ्यांपुढे भिंगरीसारखी फिरत होती. साडी इकडे, पडदे तिकडे. भाचा हाताची घडी घालून दारात उभा. आणि नेमके वकील आणि वेटर एकदमच आले! दोन काळे कोट, दोन्ही हँगरवर. वहिनी थांबली. एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं.

"साहेब, हा तुमचा. आतला खिसा उसवला होता, शिवलाय. आणि हा तुझा रे. ओपनर खिशातून काढून ठेवलंय, हे घे."

वकिलांनी तिथल्या तिथे कोट चढवला. बरोब्बर बसला! मी टाळ्या पिटल्या, वयाला न शोभेल इतक्या जोरात.

शटर ओढायच्या आधी भाचा म्हणाला, "आई, काउंटर तुझा. पण खरं सांगू? मला वाटलं होतं तू हरणार."

"अजून एक गिऱ्हाईक बाकी आहे," असं म्हणून वहिनीनं वरच्या फळीवरून एक राखाडी शाल काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. "वन्सं, ही तुमची. धुवायला टाकलीत आणि साफ विसरलात. उद्या सकाळी बूट घालून या, चालायला."