फॉरट्राननं गिळलेलं पाऊण मीटर

आता काय सांगू तुम्हाला, फॉरट्रान हा शब्द नुसता कानावर पडला तरी आजही माझं डोकं फिरतं! गाढवपणा माझाच, पण राग काही जात नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात चादरीच्या एका मिलमध्ये मी नोकरीला होतो. पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेलो, त्यामुळे पाय जमिनीवर कुठले? चादर किती लांब विणायची याचा तक्ता काढायचा प्रोग्रॅम मी लिहायचा. प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे जायची, तिथून छापील कागद यायचा.

मॅनेजर हिरेमठ साहेब म्हणाले, "कोबोलमध्ये लिहा की. ऑफिसच्या कामाला ती बरी पडतीय."

कोबोल? ती कारकुनांची भाषा! मी शास्त्रज्ञांचीच घेणार, फॉरट्रान!

दुधनीच्या एका व्यापाऱ्यानं पावणेतीन मीटरच्या चादरी मागवल्या. शाळेत पाऊणकीचा पाढा घोकलेला माणूस मी. दशांश चिन्ह कशाला देईन? झोकात लिहिलं : दोन अधिक तीन भागिले चार.

कागद आला, माग सुरू झाले आणि आमचा जुना विणकर नरसय्या दारात उभा.

"साहेब, चादर आखूड व्हायलीय की."

"कागदावर आहे तेवढीच विण!"

दुपारी परत आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यानं त्याच मापाची एक जुनी आणि ही नवी चादर माझ्या टेबलावर शेजारी शेजारी अंथरली. "बघा की!"

"जुनी वापरून ताणलीय!" मी ओरडलो. हसू नका! खरंच असं म्हणालो मी. वर त्याच्याविरुद्ध रिपोर्ट लिहिला आणि वीस वर्षं माग चालवणाऱ्या माणसाला घरी बसवलं.

आठवड्यात दुधनीहून सगळा माल परत! एकूण एक चादर दोन मीटर.

मग डोळे उघडले. फॉरट्रानमध्ये पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्यानं भागलं की उत्तरही पूर्णच, वरचा अपूर्णांक गायब. तीन भागिले चार म्हणजे चक्क शून्य! कोबोलमध्ये हेच गणित बरोबर आलं असतं.

"आधी नरसय्याला घेऊन या," हिरेमठ साहेब एवढंच बोलले.

त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. पण संताप कुठला आवरतोय? "त्या फॉरट्रानची लबाडी बघा, नरसय्या! पाऊण मीटर गिळलं आणि तोंडातून शब्द नाही! चुकतंय म्हणून एकदा तरी सांगायचं की नाही?"

नरसय्या शांतपणे चपला घालत म्हणाला, "सांगितली असती, तर तिलाबी घरी बसवला असता की साहेब."