धाकट्या सेठची नायिका

ती केस आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. उलगडा झाला, कागद बंद झाले, तरी संशयित माणूस तसा का वागला हे मला पूर्ण समजलं, असं मी म्हणणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी भंडारा जिल्ह्यात फौजदार होते. तेव्हा बाई फौजदार मोजक्याच. कुठेही बाईमाणसाचं प्रकरण निघालं की जीप माझ्या दाराशी उभी राहायची. कोणाचीही नावं देत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जणांची मुलंबाळं इथेच नांदत आहेत.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची गर्दी, रात्री नाटक. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. ठाण्यातली अर्धी माणसं बंदोबस्तावर असतात आणि उरलेली अर्धी आदल्या रात्रीच्या मारामाऱ्या लिहून घेत असतात. अशाच एका सकाळी हजेरी चालू असताना आंधळगावकडच्या एका गावचा पोलीस पाटील सायकल टाकून धावत आत आला.

"मॅडम, नाटकातल्या बाईचा खून झाला जी."

"प्रेत कुठे आहे?"

"प्रेत नाही भेटलं. पन वेणी कापून पडली हाये खोलीत. रगत बी हाये. सेठले लोकायनं ग्रामपंचायतीत बसवून ठेवलं हाये."

सेठ म्हटल्यावर जमादारांनी मान वर केली. धाकट्या सेठला सगळा तालुका ओळखत होता. वडिलांची राइस मिल, घरात दोन भाऊ. वडील गेल्यावर थोरल्यानं मिल धरली आणि धाकट्यानं आपली वाटणी मागून घेतली. सत्तरच्या दशकात त्या पैशातून त्यानं तंबूतला सिनेमा काढला. मोहाडीचा आठवडी बाजार असो की नाकाडोंगरीकडे खाणीतल्या मजुरांचा पगाराचा दिवस, तिथे त्याचा तंबू ठोकलेला असायचा. काही वर्षं पैसा धो धो आला. मग ऑर्केस्ट्रा काढला, त्यात बुडाला. पुढे व्हिडिओ आला आणि तंबू रिकामा पडू लागला, तेव्हा त्यानं नाटक कंपनी उभी केली. थोरला भाऊ चारचौघांत म्हणायचा, "आमच्या मिलमधला कोंडा बी विकला जाते. हा काय विकते, हे आमाले आजवर समजलं नाही."

कंपनीची जाहिरात मीही ऐकली होती. जीपवर भोंगा लावून गावोगाव पुकारा व्हायचा, "आमच्या कंपनीत गड्याले साडी नेसवत नाही! नागपूरच्या खऱ्याखुऱ्या नायिका!" त्या वेळी बऱ्याच मंडळ्यांत स्त्रीची कामं पुरुष करत. सेठनं खऱ्या बायकांवर बाजी लावली होती आणि मंडईचा सगळा हंगाम त्याला मिळाला होता.

गावात पोचलो तर शेतकाम टाकून माणसं रस्त्यावर आलेली. कंपनीची नायिका ज्यांच्या घरी उतरली होती त्या विधवा बाईंना सगळे काकी म्हणत. फिर्याद त्यांचीच होती. नाटक पहाटे संपलं, बाई घरी आली. काकी चहा घेऊन गेल्या तर खोली उघडी आणि बाई नाही. विचारायला गेल्यावर सेठ उडवाउडवी करू लागला, म्हणून गावानं त्यालाच धरलं.

"चांगली पोट्टी होती जी," काकी म्हणाल्या. "आल्या दिवशीच मले म्हणे, काकी, मी अंगण झाडून देऊ का? नाटकातली बाई कवा झाडू घेते का हातात?"

खोलीत पंचनामा केला. जमिनीवर लांबलचक वेणी पडली होती. टॉवेलवर रक्ताचे डाग होते, शेजारी वस्तरा होता. कोपऱ्यात कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. वेणी हातात घेतल्यावर ते गंगावन, म्हणजे केसांत गुंफायची खोटी वेणी, आहे हे मला कळलं. वरचं टोक दोऱ्यानं बांधलेलं होतं. पण गंगावन पुष्कळ बायका लावतात. त्यावरून काही ठरत नव्हतं आणि रक्ताचा खुलासा तर मुळीच होत नव्हता.

गावालगतच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पोरं बुड्या मारत होती. त्यात काकींचा मुलगाही होता. थंडीचे दिवस. ओठ निळे पडले तरी कोणी बाहेर यायला तयार नव्हतं. विहिरींत गळ टाकून झाले होते.

सेठला ठाण्यात आणलं. सफारी घातलेला, चाळिशीतला, एरवी बोलघेवडा माणूस. आधी म्हणाला, ती पहिल्या बसनं नागपूरला आईकडे गेली. स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पहिल्या गाडीत सारे गडीच चढले जी. बाईमाणूस एक नाही." हे तोंडावर टाकल्यावर सेठ म्हणाला, तिचा भाऊ मोटार घेऊन आला होता, ती गोंदियाला गेली. मोटार गावात कोणी पाहिली नव्हती. तिसऱ्यांदा म्हणाला, तिचं लग्न ठरलं आहे. कोणाशी? ते त्याला ठाऊक नव्हतं.

कंपनीतल्या लोकांचे जबाब घेतले. पेटीवाला, तबलजी, पडदेवाला, सगळे एकच बोलत, "आमाले मालूम नाही." तेही खाली बघून.

जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, खुनी माणूस बी एकच गोष्ट पाठ करून येते. हा तीन सांगून राहिला. ह्यानं केलं की नाही केलं?"

मला सांगता येईना. माणूस घाबरलेला होता, पण खुनाच्या आळाला नाही. खून केलास का म्हटलं की तो शांत बसायचा. ती कुठे आहे म्हटलं की त्याला घाम फुटायचा. प्रेत नाही, बाई नाही, नागपूरहून तिच्या घरचं कोणी विचारायला आलं नाही. अटक करावी तर पुरावा अर्धा, सोडावं तर गाव त्याला फाडून खाईल.

दुसऱ्या दिवशी पेटीचं कुलूप पंचांसमोर तोडलं. पंचांनी साड्या मोजल्या, बांगड्या मोजल्या, सह्या करून तंबाखू मळत बाहेर गेले. मी परत एकदा पेटी उपसली. बाईच्या सामानात काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. ही बाई पूर्ण हंगामासाठी घराबाहेर पडलेली, आणि पेटीत महिन्याच्या कपड्यांची एक घडी नव्हती. फणीत अडकलेले केस जेमतेम मानेपर्यंत येतील एवढेच. दोन ब्लाउजांना आतून कापसाच्या गाद्या शिवलेल्या. आणि तुरटीचा खडा, झिजलेला, दाढीनंतर गालावर फिरवतात तसा.

मी वस्तरा आणि तुरटी घेऊन सेठसमोर ठेवली.

"सेठ, हे सामान तिच्या घरी पोचवायचं आहे. तिला रोज दाढी करावी लागत असेल. पत्ता सांगा."

त्यानं वस्तरा हातानं बाजूला सारला. मग म्हणाला, "मॅडम, दार लावता का?"

दार लावलं. नागपूरच्या खऱ्या नायिकेनं हंगामाच्या तोंडावर दगा दिला होता. सगळ्या मंडया ठरलेल्या, भोंगा गावोगाव फिरून आलेला. तेव्हा सेठनं नाकाडोंगरीकडचा, पूर्वी दुसऱ्या मंडळीत स्त्रीची कामं करणारा एक शेतकरी गडी गाठला आणि त्याला नागपूरची नवी नायिका म्हणून उभं केलं. कंपनीतल्या सगळ्यांना शपथ घातली. त्या पहाटे आभाळ भरून आलं. गड्याचं कापलेलं धान शेतात पडलेलं. त्यानं घाईघाईत दाढी केली, गाल कापून घेतला, गंगावन फेकलं, धोतर नेसला आणि डोक्याला दुपट्टा बांधून सगळ्यांदेखत पहिल्या गाडीत चढला.

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त कंपनी खतम झाली असती जी."

"आणि खुनाचा गुन्हा लागला असता तर?"

त्यावर त्यानं फक्त गड्याच्या गावाचं नाव सांगितलं.

जीप घेऊन जमादारांसह मी त्या गावी गेले. नायिका शेतात गुडघ्यापर्यंत धोतर खोचून धानाचे भारे बांधत होती. भुवया कोरलेल्या, डोळ्यांत काजळाची रेघ राहिलेली, गालावर वस्तऱ्याची जखम.

"मले काहून नेता जी? धान पडलं हाये वावरात."

"तुझा खून झाला आहे. त्याच्या चौकशीसाठी."

"कवा जी?" त्यानं विचारलं.

जमादार हसू आवरायला शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

ठाण्यात परतलो तर आवारात गाव जमलेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं आली होती, पुढे काकी. सेठनं आतून हात जोडले. "मॅडम, काय कलम लावाचं ते लावा. पन बाहेर सांगू नका. बाई जिवंत हाये, येवढंच सांगा."

"ते कोणी मानेल का? आता तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

आमचं बोलणं संपायच्या आतच तो गडी वैतागून उठला. "मले सांजेच्या आत परत जाचं हाये," म्हणत सरळ व्हरांड्यात गेला. मी मागोमाग गेले. कोणी हात उगारला तर मध्ये पडायला हवं होतं.

"काकी," तो नाटकातल्या बाईच्या आवाजात म्हणाला, "मी बरी हावो. चहा न पिता गेली, राग मानू नका."

काकी पुढे आल्या आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघू लागल्या.

"आखीन बोल."

"मीच हावो काकी," तो आपल्या आवाजात म्हणाला.

"तरीच," काकी म्हणाल्या. "मी म्हटलं थंडी हाये, आत सुनेपाशी झोप. त तू म्हणे, मले ओसरीवरची खोलीच बरी."

"मंग काय करू? सून होती ना आत."

मागून एक पोरगा खिदळला. "अन् मी इले पाहाले तीन कोस चालत आलो होतो!" त्यावर सगळं आवार हसलं. तो गडीसुद्धा हसला. मला वाटलं, मिटलं.

पण काकी हसल्या नव्हत्या. त्यांनी दारात उभ्या सेठकडे बोट केलं. "हा त पोटासाठी साडी नेसला. त्याचं काही नाही. पन तुमी जी? माहा पोरगा दोन दिस बोडीत बुड्या मारून राहिला. तुमाले मालूम होतं का नाही, येवढं सांगा."

सेठनं माझ्याकडे बघितलं.

"होतं का नाही?"

"होतं."

"झालं त मंग," काकी म्हणाल्या आणि ट्रॉलीकडे वळल्या. बाकीचेही गेले. कोणी दगड उचलला नाही, तिकिटाचे पैसेही परत मागितले नाहीत.

खोटी माहिती दिल्याबद्दल समज देऊन मी सेठला सोडलं. निघताना तो म्हणाला, "फाशी झाली असती त लोक म्हणाले असते, सेठ हिरोईनपायी गेला. आता म्हणतील, सेठले हिरोईन बी भेटली नाही."

त्या हंगामातल्या त्याच्या उरलेल्या मंडया एकामागून एक रद्द झाल्या. गडी बाई झाला याचं लोकांना विशेष वाटलं नाही. पुढच्या वर्षी त्याच गड्याला दुसऱ्या मंडळीतून त्याच गावानं बोलावलं, काकींच्याच घरी उतरवलं. कंपनी बुडाली ती बोडीतल्या पोरांमुळे. लोक बाईला शोधत असताना सेठ ठाऊक असून बसून राहिला, हे कोणी विसरलं नाही. पुढे त्यानं तुमसरला व्हिडिओ हॉल काढला. एकदा तपासणीला गेले तेव्हा मला खुर्ची देत म्हणाला, "हे बरं हाये, मॅडम. टीव्हीतली बाई धान कापाले जात नाही."

माणूस खोटं बोलतो म्हणजे त्यानंच गुन्हा केला, असं धरून आम्ही चालायचो. या केसनंतर जबाब घेताना माझा पहिला प्रश्न बदलला. 'काय केलंस?' हे मी नंतर विचारू लागले. आधी विचारायचे, 'खरं सांगितलंस तर तुझं काय जाईल?' पुष्कळदा खरं उत्तर मिळायचं आणि निम्मं काम व्हायचं. जमीन जाईल, सोयरीक मोडेल, नोकरी जाईल. ही उत्तरं मला समजत. एक नाटकाची जाहिरात खोटी ठरू नये म्हणून माणूस खुनाचा आळ घेऊन दोन दिवस गप्प बसतो, हे उत्तर मात्र मी लिहून घेतलं, त्याखाली सही केली, आणि ते मला आजही पटलेलं नाही.