वकील आणि फिर्यादी

नव्वदच्या सुमारास मी धुळ्याला परिविक्षा अधिकारी होते. म्हणजे घरी मुलाचा छळ होतो अशी तक्रार आली, की घर पाहायचं आणि मूल तिथेच ठेवायचं की बालगृहात, याचा अहवाल द्यायचा. सोबत माझे वरिष्ठ असायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. तोंडाने फटकळ, पण माणूस लाखमोलाचा.

नरडाण्याजवळच्या गावातून शाळेच्या बाईंनी कळवलं होतं की आठ वर्षांच्या मुलीच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे आणि घरात सावत्र आई आहे. एसटीत बसल्याबरोबर नाना म्हणाले, "मग पाहायचं काय राहिलं? पोरगी घेऊनच येऊ."

मी फणकारले, "ती आई असं करणार नाही."

"पाहिलीय तुम्ही तिला?"

कुठली पाहिलेली! मला मेहरूण गावी सावत्र आईनेच पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मी तिचीच बाजू मांडत होते. तसं सांगितल्यावर नाना हसले. त्यांच्या सावत्र आईने त्यांना उपाशी ठेवलं होतं. "छान. तुम्ही वकील, मी फिर्यादी. पोरीचं ऐकणार कोण?" मुलीपुढे आपण होऊन आईचा विषय काढायचा नाही, असं ठरलं.

आईला ओट्यावर बसवून आम्ही मुलीशी बोललो. डागाचं विचारलं, तर ती सहज म्हणाली, "दिवाळीले मामाना गावले गयथू. माले कावीळ व्हयनी, मामानी डाग देवाडा."

कावीळ उतरावी म्हणून आमच्याकडे तापल्या सळईने डागतात. मायेपोटी भाजतात. मामाला आम्ही नंतर चांगलं झापलं. त्या क्षणी मात्र मला इतकं हायसं वाटलं, की मी पिशवी आवरू लागले.

नानांनी मामाचं लिहून घेतलं, पण ते उठले नाहीत. "आणखी कुठे लागलंय, बेटा?"

"माय मारस. लाटणाघाई. शाळामा नही गऊ ते."

मी वही पुन्हा उघडली, पण पेन थांबलं. शाळा बुडवली की आई लाटण्याने मारते, हे लिहावंसं वाटेना. "लिहा," नाना म्हणाले, "माझ्या विरोधात जात होतं, तरी मामाचं मी नाही का लिहिलं?"

आईला आत बोलावलं. तिने काही नाकारलं नाही. पदर तोंडाला लावून, पोरीला नेतील या धास्तीने एवढंच विचारलं, "पोरले लई जाशात का?"

नानांनी वही मिटली.

"मारणं बंद करा. आम्ही दर महिन्याला येऊ," ते म्हणाले. "नही लई जात, अक्का. पोर तुमनीच शे."