गव्हाणीतली बाहुली

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यायचा. बारामतीत आम्हा ख्रिस्ती माणसांची मोजकी घरं, बहुतेक एकाच गल्लीत, देवळाला, म्हणजे आमच्या चर्चला, लागून. घरोघरी चांदण्या व्हायच्या. आत बल्ब सोडून त्या दारावर टांगायच्या. बायका आळीपाळीनं एकेकीच्या घरी जमून करंज्या करायच्या आणि माझी बायको सारण भाजायला बसली की दुसरं कुणी कढईला हात लावत नसे. मी एसटीत कंडक्टर होतो, बारामती-इंदापूर गाडीवर. देवळाच्या आवारात गव्हाणीचा, येशूच्या जन्माचा, देखावा उभा करायचं काम दरवर्षी माझ्याकडं असायचं. कडबा आणायचा, पाचटाचं छप्पर घालायचं, कुणाची तरी शेळी मागून आणायची. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी देखावा होई.

आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाच्या सभासदांत, एक रीत होती. त्या वर्षी जन्मलेलं सगळ्यांत धाकटं मूल त्या संध्याकाळी गव्हाणीत निजवायचं. आई बाळाला घेऊन यायची, मी ते तिच्या हातून घेऊन कडब्यावर ठेवायचो आणि सगळी मंडळी उठून उभी राहायची. एवढंच. पण त्या घराला मग वर्षभर मान असे. आमची मुलगी तान्ही असताना मीच तिला निजवलं होतं. शेळी ओरडली तरी ती जागी झाली नाही, हे तिची आई येईल त्याला सांगायची.

त्या मुलीनं नव्वदच्या दशकात निमगाव केतकीच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं. त्यांच्यात पूर्वी मेंढरं होती, आता शेती होती, मुलगा दूध डेअरीत कामाला लागला होता. कॉलेजात असताना तो रोज माझ्याच गाडीनं बारामतीला यायचा. पास दाखवताना मान खाली घालायचा आणि मला वाटायचं, पोरगा गुणी आहे. लग्नाची बातमी फुटली त्या आठवड्यात भरल्या गाडीत ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "मास्तर, जावई तुमी तुमच्याच गाडीतनं आणला, अन् तिकीटबी फाडलं न्हाय." सगळी गाडी हसली. डेपोत महिनाभर तेच चाललं होतं.

ते मी सहन केलं असतं. पण त्याच्या काही वर्षं आधी आमच्या मंडळीतल्या एका सुताराच्या मुलीनं असंच बाहेर लग्न केलं होतं, आणि तेव्हा मी भर सभेत उभा राहून बोललो होतो. ज्याला आपलं घर राखता येत नाही त्यानं देवळात पुढं बसू नये, असं म्हणालो होतो. तेव्हापासून तो सुतार शेवटच्या बाकावर बसायचा. आता मी पुढच्या बाकावर बसलो की तो मागून माझ्याकडं पाहतोय असं मला वाटायचं. म्हणून मी मुलीचं नाव घरात काढू दिलं नाही. बायको काढायची नाही. दुपारी गच्चीवर जाऊन रडायची आणि खाली येऊन भाकरी थापायची.

पुढच्या पावसाळ्यानंतर मुलीला मुलगा झाल्याचं कळलं. डिसेंबरात एका सकाळी बायको माझ्या डब्यात भाकरी बांधता बांधता म्हणाली, "यंदा मंडळीत दुसरं तान्हं मूल नाही. आपलंच आहे." देवळाच्या पाळकांना तिनं आधीच विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, लेकराला कसली आडकाठी. ती पुढं म्हणाली, "गव्हाणीत निजलं की कुणाला बोलायला तोंड राहायचं नाही. मग पोर घरी येईल." सरळ नाही म्हणालो असतो तर ती स्वतः निमगावला गेली असती. म्हणून मी म्हणालो, मीच जाऊन बोलावतो.

सुट्टीच्या दिवशी मी गेलो. मला वाटलं होतं, ते लोक वेडंवाकडं बोलतील आणि माझं काम परस्पर होईल. तसं झालं नाही. मुलीच्या सासूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, चहात दूध जास्त घालायला सांगितलं. मी रीत समजावून सांगितली. ती म्हणाली, "न्या की पाव्हणं. त्यात इचारायचं काय? पर कडबा टोचंल लेकराला. मी घोंगडीचा तुकडा देते खाली घालाया." मुलगी दारात उभी होती, बाळ खांद्यावर. लग्नानंतर पहिल्यांदा ती मला पाहत होती आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिच्याकडं न बघता सासूशीच बोलत राहिलो.

मी त्यांना सांगितलं, नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला घरी या.

मुलगी म्हणाली, "पप्पा, देखावा तर रविवारी असतो ना?"

मी म्हणालो, यंदा पाहुणे पाळक येणार आहेत, म्हणून दिवस बदललाय. तिनं पुढं विचारलं नाही. देखावा मीच लावायचो, तेव्हा माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? निघताना तिनं आईसाठी चार पेरू दिले. ते मी गाडीत एका म्हातारीला देऊन टाकले. घरी येऊन बायकोला सांगितलं, येतो म्हणालेत, रविवारी.

रविवारी बायको तिची लग्नातली साडी नेसली. देवळाच्या फाटकाशी उभी राहिली. स्टँडकडून गाडीचा आवाज आला की दोन पावलं पुढं जायची. पाळकांनी गीत दोनदा लांबवलं. लोक कुजबुजू लागले. तेव्हा तो सुतारच म्हणाला, "थांबू की अजून थोडं. गाडी लेट असेल." त्यानं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं मी पिशवीतून प्लॅस्टिकची बाहुली काढली आणि कडब्यावर ठेवली. मंडळी उठली की नाही ते मला आठवत नाही. बायकोनं बाहुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, नाहीच आले तर असू दे म्हणून आणून ठेवली होती. ती म्हणाली, "तुम्हाला माणसं कळतात. मीच खुळी."

एवढ्यावर ते थांबलं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी ते लोक दारात येणार होतेच. म्हणून मी गल्लीची सहल काढली. टेम्पो ठरवला, सकाळी निघून दुपारी परत, भिगवणजवळ डाळजला उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायचे आणि मासे खायचे. नाताळच्या आदल्या दिवशी कसली सहल, म्हणून बायका कुरकुरल्या. बायको तर नकोच म्हणत होती. मी तिला म्हणालो, चल, मन रमेल. दाराला कुलूप मी लावलं.

डाळजला थंडी होती. पाणी सपाट, लांबवर रोहित पक्ष्यांची ओळ. बायकोनं ते पक्षी कधी पाहिले नव्हते. एकदम उठले तेव्हा त्यांच्या पंखांखालचा लाल रंग दिसला आणि ती आपसूक हसली, शेजारणीचा दंड धरून. रविवारनंतर पहिल्यांदा हसली. कुणाच्या तरी घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी तिला तळलेल्या चिलापीचा मधला तुकडा काटे काढून दिला. ती म्हणाली, "इतकं काय करताय माझं?" सगळे हसले. मीही हसलो.

परत आल्यावर मी एकटाच आधी देवळात गेलो, दिवा लावायच्या निमित्तानं. बाहुली कठड्यावर बाजूला ठेवलेली होती. कडब्यावर काळ्या घोंगडीचा तुकडा अंथरला होता आणि त्यावर लहानसा खळगा पडला होता. म्हणजे त्यांनी घराचं कुलूप पाहिलं, देवळात आले, आणि कुणी नसताना बाळाला निजवून गेले. मी घोंगडी उचलली, बाहुली जागेवर ठेवली. घोंगडी शेळीवाल्याला दिली. त्यानं ती शेळीखाली घातली.

त्यानंतर डेअरीत कामाला जाताना जावई माझी गाडी सोडून मागच्या गाडीनं जाऊ लागला.

पुढच्या नाताळात बायको नरमली होती. तिनं करंज्यांचा मोठा डबा भरला, वरून स्वच्छ फडकं बांधलं आणि म्हणाली, "तुमची गाडी निमगाववरनंच जाते. काही बोलू नका, नुसता द्या." मी डबा घेतला. निमगावच्या थांब्यावर गाडी उभी राहिली, माणसं चढली, मी घंटी दिली. इंदापूरच्या स्टँडवर मी आणि ड्रायव्हर बसून करंज्या खाल्ल्या. उरलेल्या त्यानं घरी नेल्या. डबा मी नळाखाली धुतला, पुसला आणि तसाच घरी आणला.

आमच्याकडं कुणी कुणाचा डबा रिकामा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. रिकामा डबा म्हणजे तुमचं आमचं संपलं. हे मला ठाऊक होतं. बायकोनं झाकण काढलं, आत बघितलं, बोट फिरवून बघितलं. मी तोंडानं एक शब्दही खोटा बोललो नाही. तिनं डबा पालथा घालून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "पोटचीसुद्धा अशी निघते." त्यानंतर तिनं मुलीबद्दल कधी विचारलं नाही. मला वाटलं, आता घरात शांतता होईल. झालीही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बायको छातीत कळ येऊन गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. निरोप कुणी धाडला ते मला माहीत नाही. बहुतेक त्या सुतारानं. मुलगी दफनाच्या वेळेला थेट कबरस्तानात आली, मुलाला कडेवर घेऊन. नवरा फाटकापाशीच थांबला. मुलगा आता चालता झाला होता. पेटी खाली सोडली, पाळकांनी प्रार्थना सुरू केली, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, एकच सांगा. दाराला कुलूप होतं त्या दिवशी आम्ही येणार हे आईला माहीत होतं?"

तिला एवढंच हवं होतं. नाही म्हणालो असतो तर तिला तिची आई परत मिळाली असती, त्या खड्ड्यात का होईना. पण मग तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, आणि तो सुतार माझ्या मागंच उभा होता.

मी म्हणालो, "होतं."

तिनं मान हलवली, जणू तिचा अंदाज बरोबर निघाला. मग माती टाकायची वेळ आली. मी पहिली मूठ टाकली. माझ्या भावानं टाकली, शेजाऱ्यांनी टाकली, सुतारानं टाकली. सगळे तिच्याकडं बघत होते. मुलानं वाकून ढेकूळ उचललं, तर तिनं त्याच्या हातातून ते काढून बाजूला टाकलं, हात पुसला आणि त्याला घेऊन फाटकाकडं चालू लागली. मागं बायका म्हणत होत्या, काय काळजाची आहे, जन्मदात्या आईला मूठभर माती दिली नाही. मी त्यांच्यात उभा होतो. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

आमच्या मंडळीत ते अजून बोललं जातं. तिच्या मुलाला परवा त्याच्या लग्नाच्या बैठकीत कुणीतरी तेच ऐकवलं, म्हणून हे लिहिलं. आईला माती न देणारी ती मुलगी माझी. तिनं का दिली नाही ते वर आलं आहे. आणि तिच्या आईला काही माहीत नव्हतं. ती रविवारी फाटकाशी उभी होती.