बाळंतिणीचा वाटा

माझी जाऊ गिरजा भांडत नाय, हीच तिची खोड. तिच्या जागी मी असते तर त्या ग्रामसभेत खुर्च्या उलट्या केल्या असत्या.

शेणव्याच्या पलीकडं आमचा पाडा. पाड्यावरच्या शाळेत पोरं अकरा, आणि पाणी नाय. दुपारच्या खिचडीसाठी पोरंच ओढ्यावरनं हंडे आणायची, तेवढा वेळ अभ्यास बंद. खाली गावच्या शाळेत पोरं शंभरावर. तिथं नळ, पंखे, सगळं. शाळांसाठी ग्रामपंचायतीत पैसे आले तशी गिरजा ग्रामसभेत पाण्याचा पाइप मागायला गेली. सरपंच कोंडूदादा म्हणाला, "वाटणी डोक्यावारी. सगळ्यांना सारखा न्याय." म्हणजे गावच्या शाळेला नवा रंग, आमच्या शाळेला खडू नि झाडू. गिरजा म्हणाली, "बरं दादा." मला असा संताप आला म्हणून सांगू!

पुढच्याच आठवड्यात तळ्याची मासळी काढली. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाव नि पाडा मिळून मासे धरतात, आणि वाटे पाडायचा मान आमच्या घराचा. घरातली माणसं मोजून वाटा. पण बाळंतिणीच्या घरी दुप्पट, वर सगळ्यात मोठा मरळ मासा. आधीपासनं असंच चालत आलंय.

कोंडूदादाची सून रेश्मा तेव्हा नुकतीच बाळंत झालेली. त्याची बायको सकुबाई मोठी टोपली घेऊन ऐटीत आली. गिरजानं तिला चारचौघींसारखाच वाटा घातला.

"अगो, घरात बाळंतीण हाय ना," सकुबाई म्हणाली.

"हाय ना. पण दादा म्हनलं, वाटणी डोक्यावारी."

सकुबाईनं बाजूला उभ्या नवऱ्याकडं असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाय. "काय बोलून आलाव तुमी? जिला जास्त लागतं तिला जास्त द्याया नको?"

सगळे हसायला लागले. कोंडूदादा आधी डोकं खाजवत राहिला, मग त्यालाही हसू फुटलं. "पाइप घे गो गिरजे. रंगाचं पुढच्या साली बघू."

तेव्हा गिरजानं मागचा पळसाच्या पानांचा ढीग बाजूला केला. खाली मरळ, अजून शेपूट हलवत होता. बाळंतिणीचा वाटा तिनं सगळ्यात आधी काढून ठेवलेला.

"रेश्माच्या तोंडचं मी कशाला काढू?" ती म्हणाली. "ती कुठं सरपंच हाय?"

शाळा उघडली त्या दिवशी नळाला पाणी आलं. पोरं इतकी भिजली की गुरुजींनी शिकवायचा नाद सोडला. गावची शाळा अजून जुन्याच रंगात हाय, तिथली पोरं त्यानं काय कमी शिकत नायत. आमचे हंडे शाळेच्या भिंतीला पालथे पडलेत. ते बघायला मी रोज मुद्दाम तिकडनं जाते.